अक्कांचं गणित आणि माझं खोटं 'व्हय'

अक्कांना मी शेवटचं जे बोलले, ते होतं 'नाय'.

मरणाच्या दारातल्या माणसाला कुणी असं बोलतं का? शहाण्या बायका हात हातात घेतात, पाणी पाजतात, 'बरं वाटंल आता' म्हणतात. मी दवाखान्यातल्या खाटेशेजारी स्टुलावर बसून, मांडीत मोसंब्यांची पिशवी घेऊन, तोंडावर 'नाय' म्हणाले. आणि अक्का हसल्या. नाकातली ऑक्सिजनची नळी निसटेपर्यंत हसल्या. सिस्टर धावत आली आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू नळी मीच ओढलीय. दोन दिवसांनी सकाळी मी पापडाचं पीठ कुटत असताना यांचा फोन आला. 'सुमन, अक्का गेली,' एवढंच बोलले. पीठ हाताला तसंच चिकटलेलं… आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी माझ्या डोक्यात आलं की, आता माझं 'नाय' बरोबर होतं का चूक, हे कोण सांगणार?

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. शहरातल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, 'मुलगा बघायला आला तवा मी अर्ध्या गणितात होते. गणित सुटंपर्यंत त्याला दोन लेकरं झाली.' त्यांचं संशोधन गणिती भौतिकशास्त्रातलं, डिफरन्शियल इक्वेशनमधलं. हे दोन शब्द न अडखळता उच्चारायला मला लग्नानंतर चार वर्षं लागली. दहावीला गणितात मला पस्तीस मार्क होते आणि त्यातले दोन, माझी खात्री आहे, पेपर तपासणाऱ्या बाईंनी मी पुन्हा त्यांच्यासमोर येऊ नये म्हणून दिले होते. अशी मी, गणिताच्या प्राध्यापिकेच्या घरात भावजय म्हणून आले. लग्नाआधी माझ्या आईनं मला सासूला कसं सांभाळायचं ते शिकवलं होतं. नणंद काळा फळा घेऊन स्वयंपाकघरात आली तर काय करायचं, हे आईलाही माहीत नव्हतं.

आमचं घर पडेगावला. सासरे, म्हणजे सगळ्यांचे दादा, फुलंब्रीकडच्या खेड्यातून आलेले गवंडी. बैठकीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली खिळ्याला दादांचा ओळंबा, अजून तसाच. ते गिलावा केला की दुसऱ्या दिवशी भिंतीवर अंगठा दाबून बघायचे. लहानपणी अक्कांनी विचारलं, 'दादा, वाळली की भिंत, आता काय बघताव?' तर म्हणाले, 'वरून वाळली म्हंजे आतून वाळली नसती, पोरी.' अक्का म्हणायच्या, 'माझं सगळं संशोधन म्हंजे दादांच्या या एका वाक्याचा अभ्यास.' मी आधी समजायचे की हे भाषणात सांगायला बरं म्हणून सांगतात. पण नाही, ते अक्षरशः खरं होतं.

ओली वस्तू बाहेरून वाळत जाते. कोरडं कुठं संपलं आणि ओलं कुठं सुरू झालं, ती सीमा हळूहळू आत सरकते. ती कशी सरकेल याचं समीकरण मांडायचं. पंचाईत अशी, की समीकरण ज्या जागेत सोडवायचं ती ओली जागाच दर क्षणाला बदलते. 'चालत्या बैलगाडीत बसून तिच्याच चाकाला वंगण घालायचं, सुमन, तसलं काम हाय हे,' असं सांगताना अक्कांचे डोळे जत्रेला निघालेल्या पोरीसारखे व्हायचे. त्यांचा प्रश्न एकच होता. वस्तू वाळत असताना आतला ओलावा शेवटपर्यंत एकसंध राहतो, की मधेच तुटून त्याचे दोन तुकडे होतात? डमरूसारखी वस्तू असली तर मधल्या बारीक भागात तुटणारच, ते मलाही कळतं. पण जिला कुठं खळगाच नाही, अशा वस्तूत? अक्कांचं म्हणणं होतं, नाही तुटणार. म्हणणं सोपं, सिद्ध करणं अकरा वर्षांचं.

या अकरा वर्षांत माझ्या बचत गटाच्या मालाचं जे नुकसान झालं त्याची नोंद कुठल्याही शोधनिबंधात नाही. मी गच्चीवर सांडगे घातले की अक्का ब्लेड घेऊन हजर. दर अर्ध्या तासाला एक सांडगा मधोमध कापायचा, आत ओलं किती राहिलं ते बघायचं आणि हरखून माझ्या नाकासमोर धरायचा. 'बघ! बघ कसा गोल राहिलाय आतला!' गटातल्या बायका मला विचारायच्या, 'सुमन, तुझ्या नणंदंला काही हाय का गं?' मी म्हणायचे, 'पीएचडी हाय.'

आता आमच्या घरातल्या स्टुलाकडं येते. गॅसच्या ओट्याला लागून एक लाकडी स्टूल आहे, दादांनीच केलेलं, एक पाय किंचित आखूड. अक्का कॉलेजातून आल्या की बाहीवर खडूची पांढरी भुकटी तशीच घेऊन त्याच्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, 'सुमन, ऐक.' मग त्या दिवशी सिद्धतेची जी पायरी सुचली असेल ती मला समजावून सांगायची. चिन्हं नाहीत, सूत्रं नाहीत, साध्या बोलीत. शेवटी विचारायचं, 'व्हय?' मला पटलं तर मी म्हणायचं 'व्हय', नाही पटलं तर 'नाय'. मी काहीही म्हटलं की त्या वहीच्या समासात काहीतरी खरडायच्या. काय ते मी कधी बघितलं नाही. गणिताच्या वहीत डोकवायची हिंमत माझ्यातून दहावीलाच गेली होती.

मी एकदा म्हटलं, 'ओ अक्का, कॉलेजात एवढे मोठे लोक हायेत, त्यांना सांगायचं सोडून मला काय सांगताव?'

'मोठा माणूस न कळता बी मान हलवतो, लाजंखातर,' त्या म्हणाल्या. 'तुला लाज नाय.'

लग्नानंतर पहिले काही महिने मी भीतीपोटी सगळ्याला 'व्हय' म्हणायचे. एकदा त्यांनी अगदी त्याच गंभीर आवाजात सांगितलं, 'आणि म्हणून, सुमन, या सीमेवर जो ओलावा हाय तो आपल्या पक्याचा मेहुणा लागतो. व्हय?' मी म्हटलं, 'व्हय.' बाहेर पेपर वाचत बसलेले आमचे हे, म्हणजे पक्याच, हसून हसून खुर्चीतून घसरले. अक्का मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'खोटं व्हय म्हंजे कच्च्या भिंतीवर दिलेला रंग. चार दिवस चमकतो, मग पोपडे धरतो. तुला नाय कळलं तर नाय म्हण. माझं काम तिथंच सुरू होतंय.' त्या दिवसापासून मी खोटं 'व्हय' म्हटलं नाही.

म्हणजे, एकदाच म्हटलं.

संध्याकाळची वेळ होती. एका शेगडीवर वरण उकळत होतं, दुसरीवर फोडणीचं तेल तापलेलं. फोनवर गटातली बाई पापडाची ऑर्डर सांगत होती, हे आतून मोजे कुठंयत म्हणून ओरडत होते. अक्का आल्या त्या उडतच आल्या. चपला काढायचं भान नव्हतं. 'सुमन, ऐक! झालं! शेवटची कडी सापडली!' आणि त्या सांगायला लागल्या. हवा एकसारखी कोरडी असेल तर सीमा फक्त आतच जाते, हे त्यांनी आधीच सिद्ध केलं होतं. आता त्या म्हणत होत्या की हवा बदलती असली, एक दिवस कोरडी, एक दिवस दमट, तरीसुद्धा सीमा आतच जाणार, मागं फिरणार नाही, कारण… कारण काय ते मला आजही सांगता येणार नाही. मोहरी तडतडली, मी हळद शोधत होते. 'व्हय?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'व्हय व्हय.'

दोनदा म्हटलं. तिथंच त्यांना शंका यायला पाहिजे होती.

पुढच्या वर्षी तो निबंध परदेशातल्या एका नामांकित जर्नलमध्ये छापून आला. कॉलेजनं शाल आणि नारळ दिला. नारळाची मी चटणी केली आणि शाल आमच्या यांनी स्कूटरवर पांघरायला सुरुवात केली. अक्कांना लांबलांबून बोलावणी आली, त्या विमानात बसून भाषणं देऊन आल्या. नाझनीन नावाची एक हुशार मुलगी जुन्या शहरातून त्यांच्याकडं पीएचडीला आली आणि बघता बघता घरातलीच झाली. मी गल्लीत सगळ्यांना सांगायचे, 'सिद्धतेत माझाबी हात हाय.' हात कसला होता ते पुढं कळलं.

चार-पाच वर्षांनंतरचा पावसाळा. नाझनीन आणि कॉलेजातले दोन सहकारी जेवायला आले होते. मी मोठ्या ऐटीत पापडाचा डबा उघडला, तर एकेक पापड चामड्यासारखा. झाकण नीट लागलं नव्हतं. पापड विकणाऱ्या बाईच्या घरात, पाहुण्यांसमोर! मी ओशाळून म्हटलं, 'पावसाळी हवा… सादळलेत हो.'

अक्कांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. 'काय म्हणालीस?'

'सादळलेत.'

त्यांनी डब्यातून एक पापड घेतला, दोन बोटांत धरून वाकवला. तो मोडला नाही. 'नाझनीन,' त्या म्हणाल्या, 'हे काय हाय?'

'पापड आहे, मॅडम.'

'हा वाळला व्हता का नव्हता? उन्हात खणखणीत वाळला व्हता. मग आता ओला कसा?' त्या उभ्याच राहिल्या. 'सीमा मागं फिरली. अरे, फिरती ना मागं! दर पावसाळ्यात फिरती! चुकलंय माझं!' शपथेवर सांगते, त्या आवाजात दुःख कमी होतं आणि आनंदच जास्त होता, हरवलेली वस्तू सापडल्यासारखा. हे म्हणाले, 'अक्का, तळला की हुतोय कुरकुरीत, एवढं काय घाबरायचं?'

आनंद एक संध्याकाळ टिकला. दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर येऊन बसल्या आणि 'सुमन, ऐक' म्हणाल्याच नाहीत. अकरा वर्षांच्या इमारतीत एक भिंत कच्ची निघाली होती आणि वरचा मजला नेमका तिच्यावरच होता. एका सहकाऱ्यानं, वाईट माणूस नव्हे, काळजीपोटीच सुचवलं की मॅडम, इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, तुम्ही कशाला बोलताय? अक्का म्हणाल्या, 'माझ्या लक्षात आलं ना. मी कुणीच नाय व्हय?' आणि त्यांनी स्वतः जर्नलला पत्र लिहिलं, की माझ्या सिद्धतेत भोक आहे, ते अमुक ठिकाणी आहे आणि बुजवेपर्यंत या प्रमेयावर कुणी विसंबू नये.

ते पत्र गेलं त्या दिवशी मी गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी मी ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर पापड लाटणाऱ्या कुठल्याही बाईनं म्हटलं असतं तेच मी म्हटलं असतं… नाय. मला वाटलं ओरडतील. त्या बराच वेळ आखूड पायावर स्टूल डुलवत राहिल्या. मग म्हणाल्या, 'म्हंजे तुझं एक नाय राहिलंय माझ्याकडं यायचं. देशील कधीतरी. पण खरं दे.'

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं हे घर जितकं जागं होतं तितकं कधीच नव्हतं. अक्कांनी आख्खी सिद्धता मोडून परत बांधायला घेतली. आता त्यांचा हट्ट वेगळा होता. 'सीमा मागं फिरायची तर फिरू दे, सुमन! आत जाऊ दे, बाहेर येऊ दे. फक्त तिला खळगा नाय पडला पायजे. खळगा नाय पडला तर तुकडे पडत नाय.' मधेच फुप्फुसांचा आजार निघाला. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची नळी बैठकीतून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंतच पोचायची, म्हणून स्टूल उंबरठ्यावर गेलं. आणि माझी एक सवय पक्की झाली. अक्कांनी 'सुमन, ऐक' म्हटलं की मी आधी गॅस बंद करायचे. भाजी अर्धी कच्ची राहायची. आमचे हे दोन वर्षं अर्धकच्चं जेवले. विज्ञानासाठी त्याग आमच्या घरात खरा त्यांनीच केला.

डॉक्टरांनी महिन्यांत बोलायला सुरुवात केली तेव्हा अक्का पायऱ्यांत मोजायच्या. 'तीन राहिल्या.' 'दोन राहिल्या.' शेवटी दवाखान्यात हलवलं तेव्हा एक राहिली होती.

त्या दिवशी त्यांनी माझ्या पिशवीतून एक मोसंबी घेतली. आवाज खोल गेलेला, पण डोळे तेच, जत्रेला निघालेले. 'सुमन, ऐक. हा ओला भाग समज. याला खळगा पडायचाच झाला तर कधीतरी पहिल्यांदा पडंल ना? तो पहिला क्षण मी पकडला. त्याच क्षणी समीकरण म्हणतंय, खळगा भरून यायला पायजे. म्हंजे पडूच शकत नाय. व्हय?'

दवाखान्यात बंद करायला गॅस नव्हता. मी डोळे मिटून घेतले, मग उघडून मोसंबीकडं बघितलं. पिशवीत तळाला दबून तिची एक बाजू चपटी झाली होती.

'अक्का, ही बघा. हिला खळगा नाय पडलेला. पण ही बाजू सपाट झालीय. आधी सपाट व्हईल, मग खळगा पडंल. सपाट असताना तुमचं समीकरण काय म्हणतंय?'

त्यांनी मोसंबी फिरवून बघितली. चपट्या जागेवर अंगठा दाबून बघितला, अगदी दादांसारखा. 'सपाट असताना…' त्या थांबल्या. 'काहीच म्हणत नाय.'

'मग नाय.'

आणि तेव्हा त्या हसल्या. नळी निसटली, सिस्टर आली, मला बाहेर काढलं. दारातून वळून बघितलं तर त्या मोसंबी उचलून मला दाखवत होत्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खूप माणसं आली. त्यांचे विद्यार्थी, दादांच्या गावची मंडळी, बचत गट. सगळे अक्कांबद्दल चांगलं बोलले आणि मी मागं चहाचे कप भरत राहिले. मला खोटं 'व्हय' खात होतं आणि खरं 'नाय'ही. पहिल्यानं त्यांची अकरा वर्षं घालवली, दुसऱ्यानं शेवटची पायरी.

गेल्या रविवारी दुपारी नाझनीन आली. कॉलेजातून अक्कांच्या जुन्या वह्या परत आणल्या होत्या. मी कांदा परतत होते. ती स्टुलाकडं गेली, बसली नाही, शेजारी जमिनीवर बसली आणि एक वही उघडून म्हणाली, 'आंटी, मॅडम समासात तुमचं नाव लिहीत होत्या, माहितीये तुम्हाला?'

मी आयुष्यात पहिल्यांदा गणिताच्या वहीत आपणहून डोकावले. पानापानावर, बारीक अक्षरात: 'सु. नाय.' 'सु. नाय.' 'सु. व्हय.' नाझनीननं त्या संध्याकाळचं पान काढलं. तीच पायरी, बदलत्या हवेची. समासात तशीच टीप होती, त्याच दिवसाच्या त्याच निळ्या शाईत:

'सु. व्हय. फोडणी चालू.'

म्हणजे त्यांना तेव्हाच माहीत होतं. माझं ध्यान तेलात होतं, हे त्यांना दिसलं होतं. त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं आणि तरी माझं 'व्हय' घेऊन उठल्या, कारण त्यांनाही त्या दिवशी 'व्हय'च ऐकायचं होतं. घाई दोघींची होती… आणि इतक्या वर्षांत एकदाही, मी कबुली दिली तेव्हासुद्धा, त्यांनी हे मला सांगितलं नाही. मी जमिनीवर बसले आणि अक्का गेल्यानंतर पहिल्यांदा नीट रडले. कांदा होताच, निमित्त शोधावं लागलं नाही.

मग नाझनीननं दवाखान्यातली वही काढली, अक्का गेल्यावर मी न उघडताच तिला दिलेली. शेवटचं पान. अक्षर वाकडंतिकडं: 'सु. नाय. सपाट!' त्या उद्गारचिन्हाचं टिंब कागद फाडून खाली गेलं होतं.

'आंटी,' नाझनीन म्हणाली, आणि बघते तर हिचेही डोळे तसेच, जत्रेचे. 'इसी सपाट पे अटकी थी मैं. तुमचं नाय बिलकुल सही था. पण मला मिळालं. सांगू?'

कांद्याला रंग यायला लागला होता. मी गॅस बंद केला. ओट्यावरचं एक लिंबू उचलून हातात घेतलं.

'समीकरण सपाट असताना गप्प बसत नाही, आंटी. आपल्याला ऐकू येत नव्हतं, बस. एका ठिकाणी जरासं जरी सपाट झालं, तर त्याच क्षणी सगळीकडं सपाट व्हावं लागतं.'

'सगळीकडं?' मी लिंबू फिरवलं. 'चारी बाजूंनी सपाट लिंबू कसं असंल गं?'

'नसतंच! इसी लिए तो! म्हणून सपाट होतच नाही. आणि सपाट होत नाही म्हणून खळगाही पडत नाही.'

'परत सांग.'

तिनं परत सांगितलं. मी आणखी दोनदा सांगायला लावलं. लिंबू उलटं धरून बघितलं, अंगठ्यानं दाबून बघितलं, मनातल्या मनात दमट हवा घालून बघितली. कुठं फट सापडेना. स्टूल रिकामं होतं, आखूड पायावर जरा कललेलं, ऐकायला पुढं वाकल्यासारखं.

'व्हय,' मी म्हटलं.

नाझनीननं पेन उघडलं आणि अक्कांच्या ओळीखाली समासात लिहायला लागली. मी तिला थांबवलं, म्हटलं, पूर्ण लिही. मग तिनं पूर्ण लिहिलं:

'सु. व्हय. गॅस बंद.'